वाऱ्याच्या नळीवरचं फडकं

नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी माझ्या हातात चाव्यांचा जुडगा दिला. एक औषधांच्या कपाटाची, एक पंपाच्या पेटीची आणि एक जाड, लोखंडी, इंग्रजी टी अक्षरासारखी. "ही हरवू नका," ते म्हणाले, "ही हरवली तर सगळ्यांची पंचाईत." ती मैल्याच्या टाकीच्या झाकणाची चावी होती. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली, आणि माझ्या ताब्यात आलेली पहिली अधिकृत वस्तू ही. मी हसले नाही. चावी ओढणीच्या टोकाला बांधली आणि कामाला लागले.

आमची बोट म्हणजे पाण्यावरचा दवाखाना. तापीवरच्या धरणाचा फुगवटा जिथं पसरतो तिथं पलीकडच्या काठावरची काही गावं अशी आहेत की समोर दिसतात, पण रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. एका संस्थेनं त्या गावांसाठी फायबरची लांबट बोट घेतली. आत एक तपासणीची खोली, दोन बाकं, औषधांचं कपाट आणि मागच्या बाजूला एक संडास. सकाळी धक्क्यावरून निघायचं, तीन-चार गावं करायची, संध्याकाळी परत. डॉक्टर मॅडम, बोट चालवणारे नाना, सफाईचं काम करणाऱ्या अक्का आणि मी. माझ्या हुद्द्याचं नाव 'देखभाल सहायक' होतं. औषधांचा साठा, पाणी, पंप, आणि तो संडास.

घरी सांगितलं तेव्हा काय झालं ते सांगते. आमचं गाव भडगावजवळ. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. ते मजुरी करतात, हंगामात जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला जातात. माझे आजोबा, आमचे आबा, गावकीची कामं करत. मेलेली ढोरं ओढायला त्यांनाच बोलावणं यायचं. एका साली त्यांनी आणि आमच्या वस्तीनं ते काम सोडलं, त्यापायी गावानं दोन वर्षं त्यांना कुणाच्या शेतात उभं राहू दिलं नाही. ही गोष्ट आमच्या घरात दर वर्षी सांगितली जाते. म्हणून मी अमळनेरला कॉलेजात जायला लागले तेव्हा एसटीच्या पासाचा फोटो काढायलासुद्धा भाऊ स्वतः सोबत आले होते. आणि आता मी त्यांना म्हणत होते की बोटीवरच्या संडासाची जबाबदारी माझी आहे.

भाऊंनी भिंतीवरच्या आबांच्या तसबिरीकडे बघितलं. मग म्हणाले, "इतलं शिकीसन संडासच सांभाळनं व्हतं का, माय?"

मी म्हटलं, "संडास नई, भाऊ, टाकी. साफ करनारी दुसरी शे."

ते वाक्य तेव्हा मला फार बरोबर वाटलं होतं. भाऊंचा चेहरा निवळला. आई चहा करायला उठली.

ती दुसरी म्हणजे अक्का. पन्नाशीच्या, धक्क्याजवळच्याच गावातल्या. हातानं काम करायची सवय अशी की उभ्या असल्या तरी काही ना काही पुसत असायच्या. त्यांच्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र असायचं, निळ्या फितीला अडकवलेलं, त्यावर त्यांचा फोटो. बोटीवर तर ते असायचंच, पण आठवड्याच्या बाजारात भाजी घेतानाही मी त्यांना ते घातलेलं बघितलं आहे. नाना त्यांना चिडवायचे, "अक्का, झोपतांना तरी काढस का ते?" अक्का म्हणायच्या, "तुमले काय करनं? मना फोटो शे त्यावर." आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी केलेल्या बाईच्या नावानं निघालेला तो पहिलाच कागद. तो त्यांच्या गळ्यातून उतरायची वेळ आली, ती माझ्यामुळे. तेच लिहायला बसले आहे.

बोटीवरचा संडास घरच्यासारखा नसतो. घरी पाणी ओतलं की काम झालं, खाली काय होतं ते आपण बघत नाही. बोटीत खाली म्हणजे धरण. तेच पाणी पुढच्या गावांच्या नळाला जातं. त्यामुळे एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा पहिला नियम. सगळं फळीखालच्या प्लास्टिकच्या टाकीत साठतं. पंधरा-वीस दिवसांनी तालुक्याहून उपसा टँकर धक्क्यावर येतो, माझ्या चावीनं झाकण उघडायचं, त्यांचा जाड नळ बसवायचा, टाकी रिकामी करायची. आणि टाकीला एक बोटाएवढी नळी असते, ती बोटीच्या बाजूनं बाहेर काढलेली. वाऱ्याची नळी. आतली हवा बाहेर, बाहेरची आत.

हे सगळं बसवायला समुद्राकडच्या बोटींवर काम केलेला एक फिटर आला होता. दोन दिवस राहिला. मी वही घेऊन त्याच्या मागे मागे. रबराच्या नळ्या महिन्यातून एकदा तपासायच्या, त्याची युक्ती त्यानं शिकवली. फडकं गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, नळीवरून फिरवायचं आणि मग फडक्याचा वास घ्यायचा. फडक्याला वास लागला तर नळीतून मैला पाझरतोय, नळी बदला. पंपाच्या रबराला अधूनमधून चमचाभर खायचं तेल. आणि जाताना वाऱ्याच्या नळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मॅडम, बाकी कुछ भूल जाओ, चलेगा. टंकी को साँस लेने देना." मी वहीत लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात: हवा खेळती ठेवणे. त्याखाली रेघ मारली.

पहिले काही महिने बोटीत डेटॉल आणि डिझेल सोडून कशाचा वास नव्हता. गरोदर बायका तपासायला यायच्या, त्यांना सोय होती याचंच मोठं अप्रूप. एक म्हातारी तर तपासणी झाल्यावर नुसतं बघायला आत गेली होती, बाहेर येऊन म्हणाली, "मना घरपेक्षा चांगलं शे." अक्कांनी ते दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

पावसाळा सरला आणि डेंग्यूची साथ आली. आमच्या गावाकडे, तुमच्याकडेही असेल, साथ आली की आरोग्य खात्याची माणसं घरोघर येऊन संडासाच्या टाकीच्या उभ्या पाइपाला कापड बांधायला सांगतात. पाइपातून डास आत जातात, टाकीत अंडी घालतात, म्हणून जुन्या साडीचा तुकडा किंवा जाळी बांधायची. कॉलेजात असताना आमच्या शिबिरानं एक अख्खं गाव असं बांधून काढलं होतं. मी शिड्यांवर चढून बांधलेल्या गाठी मोजल्या होत्या. लोक खालून म्हणायचे, "पोरगी घाबरत नई." मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. ते काम चूक नव्हतं.

पण बोटीवर एक दिवस मला संडासात दोन डास दिसले आणि माझे हात आपोआप चालले. आईची जुनी साडी फाडून केलेलं एक फडकं माझ्या पिशवीत असायचं. त्याची दुहेरी घडी केली, बोटीच्या कडेवरून ओणवी झाले, वाऱ्याच्या नळीच्या तोंडावर बसवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गच्च बांधली. वर्षानुवर्षं टिकेल अशी गाठ. ती बाजू पाण्याकडची, धक्क्यावरून दिसत नाही. शेजारीच इंजिनाच्या धुराचं तोंड. मी हात पुसले. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

घरच्या टाकीचा पाइप छपराच्या वर, कोरड्या हवेत असतो. ही नळी पाण्यापासून हातभर उंच. पाण्याचे तुषार, डिझेलची काजळी, बोट हलली की आतून चढणारा ओलावा. ते फडकं भिजायचं, वाळायचं, परत भिजायचं. सुरुवातीला त्यातून हवा जायची, एक उपसाही तसाच निभावला. हे आज लिहिताना किती सरळ दिसतं.

दिवाळी जवळ आली तसा वास सुरू झाला. आधी सकाळी पहिल्यांदा पाणी सोडल्यावर थोडासा. मग दिवसभर. सडलेल्या अंड्याचा वास. हा वास मला चांगला माहीत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या उपकरणात आम्ही हा वायू तयार करायचो, ओढणीनं नाक झाकून, खिडक्या उघड्या टाकून. त्याचं सूत्र मी झोपेतही सांगेन. हवा न मिळता काही कुजलं की हा तयार होतो, हेही मी परीक्षेत लिहिलेलं. पण परीक्षेतली गोष्ट आणि पायाखालची गोष्ट यांची माझ्या डोक्यात गाठ पडली नाही. मला वाटलं, सफाई कमी पडतेय.

"अक्का, आज धुतलं ना नीट?"

"तीन डाव धुयं मी. तरी बी वास शेच."

"कोपऱ्यातनं? भांड्याच्या कडेखालून?"

अक्कांनी मला आत नेलं. फरशी अशी स्वच्छ होती की त्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. त्या म्हणाल्या, "हाऊ वास आठला नई शे. खालथून ये ऱ्हायना."

खालून येतोय. मी ऐकलं. पण खालची टाकी माझी, वरची सफाई त्यांची. माझ्या टाकीची वही रोज भरलेली, नळ्या फडक्यानं तपासलेल्या, रबराला तेल दिलेलं. मग चूक कुणाकडे राहिली? मी फिनाइल आणायला सांगितलं. दोन झाकणं, मग अर्धी बाटली, मग ॲसिड. जे जंतू टाकीतला मैला निमूटपणे पचवत होते ते त्यात मेले असणार. वास वाढला. आता त्यात फिनाइलचाही मिसळला.

पलीकडच्या गावातला एक म्हातारा बोटीत चढता चढता थांबला. "दवाखाना शे का उकिरडा?" असं म्हणून काठावरच बसून राहिला, डॉक्टर मॅडमना तिथं जाऊन त्याचं ब्लडप्रेशर बघावं लागलं. नाना म्हणाले, "आते मासा बी आपली बोट पाहीसन दूर पयतस." सगळे हसले, अक्का हसल्या नाहीत. मग बायका कमी झाल्या. सात महिन्यांची एक पोटुशी बाई बोटीच्या दारातच ओकली आणि तिची सासू तिला परत घेऊन गेली. डॉक्टर मॅडमनी जळगावला संस्थेच्या ऑफिसात फोन लावला.

मॅनेजरसाहेब दोन दिवसांनी आले. रुमाल नाकाला लावूनच बोटीत शिरले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. धक्क्यावर उभं राहून त्यांनी विचारलं, "सफाई कोण बघतं?"

अक्का पुढे झाल्या. ओळखपत्र पदरावर सरळ करून घेतलं त्यांनी, हे मला आठवतं.

"हे काय आहे, बाई? पगार कशाचा घेता?"

"साहेब, मी रोज..." अक्का थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "माय, तू शिकेल शे. तूच सांग यास्ले. मनं काय चुकनं?"

मी बोटीकडे बघत राहिले, जणू उत्तर तिथं लिहिलेलं आहे. साहेब म्हणाले, "मला लेखी अहवाल द्या, ताई. मग बघू." मी त्याच संध्याकाळी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, भाषा चांगली आहे. 'टाकी व नळ्यांची तपासणी नियमित असून त्यात दोष आढळला नाही. सबब दुर्गंधीचे कारण दैनंदिन स्वच्छतेतील त्रुटी असावे असे दिसते.' असावे असे दिसते. हे असं लिहायला मला कॉलेजनं शिकवलं. आमच्या घरात कुणाला असं लिहिता येत नव्हतं. आमच्याबद्दल मात्र असं पुष्कळ लिहिलं गेलं असेल.

उत्तर आलं. अक्कांचं काम शनिवारपर्यंत, ओळखपत्र जमा करावे. नवीन बाई सोमवारपासून. पत्र मीच वाचून दाखवलं. अक्कांनी दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "फोटो तरी माले दितीन का?" मी म्हटलं, "विचारते." त्या बादली घेऊन आत गेल्या आणि त्या दिवशीही तीनदा धुतलं.

गुरुवारी टँकर आला. टँकरवाले काका नेहमीचेच, अर्ध्या जिल्ह्याच्या टाक्या उपसून झालेले, कायम पान चघळणारे. मी झाकण उघडलं, त्यांनी नळ त्या तोंडात हवाबंद बसवला, मोटर सुरू केली. मिनिटभर ठीक चाललं. मग पायाखालून आवाज आला. पत्र्याचा डबा मुठीत चेपावा तसा, पण मोठा, खोल. तपासणीच्या खोलीतली फळी उचलली गेली. टँकरवाले काकांनी धावत जाऊन मोटर बंद केली.

"ताई, टाकीले हवा नई मिळी ऱ्हायनी!" ते ओरडले. "मी आठून खेचस, तर तिले दुसरीकडून हवा पाहिजे ना? ती आतमधी चेपाई गई. वाऱ्याची नळी कुठे शे तुमनी?"

मी सांगायच्या आधी मला कळलं होतं. तो क्षण मी विसरायचा म्हटला तरी विसरणार नाही. धरणावर ऊन पडलेलं, मोटर थांबल्यामुळे सगळं शांत, आणि माझ्या डोळ्यांपुढे सायकलच्या ट्यूबची ती पट्टी, ती गाठ. मी बोटीच्या त्या बाजूला गेले, ओणवी झाले. आईच्या साडीचं फडकं ओळखू येत नव्हतं. काजळी आणि शेवाळ बसून त्याचा काळा पापुद्रा झाला होता, चामड्यासारखा. गाठ सुटेना. नानांचा सुरा मागून कापावी लागली. पट्टी सुटताच नळीनं आधी हवा आत ओढली, मग आतून जो वास आला त्यामुळे मला दोन मिनिटं मान वर करता आली नाही.

टँकरवाले काका मागे येऊन उभे होते. फडकं बघून म्हणाले, "घरना पाइपले बांधतस तसं बांधेल शे कोनीतरी." मग खांदे उडवले. "फेकी द्या पान्यामधी. कोन पाहस?"

खरंच कुणी पाहत नव्हतं. नाना पुढे होते, डॉक्टर मॅडम गावात, अक्का धक्क्यावर. फडकं मुठीत मावेल एवढं. पाण्यात टाकलं असतं तर टाकी चेपली कशी, याचं उत्तर कधीच कुणाला मिळालं नसतं, आणि शनिवार आपोआप उजाडला असता. मी ते टाकलं नाही. पण हेही सांगते की मुठीत धरून बराच वेळ उभी राहिले. मला नोकरीत कायम व्हायला एक महिना उरला होता. भाऊंनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मग भाऊंना दिलेलं उत्तर आठवलं. साफ करनारी दुसरी शे. टाकी माझी, घाण दुसरीची, असं मी नोकरीच्या आधीच ठरवून आले होते. आजोबांना ज्यांनी बोलावणं पाठवलं, त्यांनी तरी वेगळं काय ठरवलं होतं? मी फडकं दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि तोंड बांधलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं जळगावला गेले. संस्थेचं ऑफिस मेहरूणच्या तलावाकडच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, एसीचं. बसमध्ये शेजारच्या बाई दोनदा नाक मुरडून बघत होत्या, मी खिडकी उघडली. साहेबांच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि सोडली.

"अहो, अहो! हे काय? बंद करा ते!"

"साहेब, हाच वास आहे. हे वाऱ्याच्या नळीवर होतं. मी बांधलं होतं. टाकी गुदमरली, म्हणून वास. काल उपसताना चेपली, तेही म्हणून. अक्कांची काही चूक नाही. माझा अहवाल खोटा आहे."

साहेबांनी उठून खिडकी उघडली. मग बसले. माणूस वाईट नाही. चांगलंच बोलले ते. "हे बघा, झालं ते झालं. चूक कळली, फडकं काढलं, टाकी दुरुस्त होईल. आता हे कागदावर कशाला? तुमचं कायम व्हायचं आहे. आणि त्या बाईंचं म्हणाल तर दुसरी नेमली गेली आहे, तिला काय सांगू?"

"जे अक्कांना सांगितलं होतं ते सांगा."

"तुम्ही जरा भावनेच्या भरात बोलताय, ताई."

"नाही साहेब. कागद द्या एक."

मी तिथंच बसून दुसरा अहवाल लिहिला. त्यात 'असावे' नव्हतं, 'दिसते' नव्हतं. मी बांधले. मी सांगितले नाही. मी न तपासता दोष दिला. तीन वाक्यं. खाली सही केली. तो कागद अजून फाइलला असेल. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि फोन उचलून नवीन बाईची नेमणूक थांबवायला सांगितली.

टाकीची एक शिवण उलली होती. बोट आठ दिवस धक्क्याला उभी राहिली. पलीकडच्या गावांना त्या आठवड्यात दवाखाना मिळाला नाही, हे माझ्या खात्यावर आहे आणि ते कुठल्या अहवालात लिहून उतरत नाही. मला मेमो मिळाला. कायम व्हायचं वर्षभर पुढे गेलं. भाऊंना मी सगळं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "आबा तुले काय म्हनता?" आबा काय म्हणाले असते ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शनिवारी मी अक्कांच्या घरी गेले. त्या दारात बसून ज्वारी पाखडत होत्या. ओळखपत्र गळ्यात नव्हतं, आत खुंटीला होतं. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. फडकं मी बांधलं, अहवाल मी लिहिला, आता काम तुमचंच आहे. मला वाटत होतं त्या रागावतील. मी तयारी करून गेले होते. रडल्या असत्या तरी चाललं असतं.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "माले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते फडकं. बोट बाहेरथून धुतस ना मी, तवय पाहेल व्हतं. तू बांधत व्हती तेबी पाहेल व्हतं."

"मग सांगितलं का नाही, अक्का? त्या दिवशी साहेबांसमोर तरी..."

"काय सांगू? शिकेल पोर बांधस तर बराबरच व्हई, अशे वाटनं माले." सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. "मी म्हनं, आपलंच काहीतरी चुकी ऱ्हायनं."

मेमो मी सहन केला, वर्ष पुढे गेलं तेही. हे मात्र अजून गिळता आलेलं नाही. माझ्या शिक्षणावर माझ्यापेक्षा त्यांचा विश्वास जास्त होता. त्यांनी रोज तीनदा धुतलं ते त्याच विश्वासानं, आणि मी शिकलेली म्हणूनच त्या गप्प राहिल्या.

मी म्हटलं, "यापुढे मी काही केलं आणि तुम्हाला पटलं नाही तर विचारायचं. सगळ्यांसमोर."

"तुले राग उना तर?"

"येऊ द्या."

त्यांनी आत जाऊन ओळखपत्र आणलं, पदरानं फोटो पुसला आणि गळ्यात घातलं. मला चहा विचारला. मी घेतला.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी फळी उघडून खाली उतरतो. एकीच्या हातात गरम पाण्याची बादली, दुसरीच्या हातात फडकं. मी नळीवरून फिरवते, वास अक्का आधी घेतात. "नई," म्हणतात, मग मी वहीत खूण करते. संडास आठवड्यातून दोनदा मी धुते. ते भाऊंना सांगितलं आहे. नळीच्या तोंडाला आता फिटरनं पाठवलेली पितळी जाळी आहे, ती रोज सकाळी टूथब्रशनं घासायची, ते काम नानांनी आपणहून घेतलं.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानातून मी एक पाकीट आणलं. टाकीत टाकायची पावडर, वास घालवते असं वर छापलेलं. कात्रीनं कोपरा कापणार तेवढ्यात अक्कांनी हात आडवा घातला.

"थांब. आधी माले सांग, कसाले?"

मी पाकीट उलटून मागचं वाचलं. आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कात्री खाली ठेवली, पाकीट न कापता कपाटात ठेवलं, आणि डॉक्टर मॅडमच्या टेबलावरचा फोन फिटरला लावायला घेतला. अक्का तोवर तिथंच उभ्या राहिल्या, ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत, उत्तराची वाट बघत.